नऊ फरश्या मागे

विगातीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो वर्गात नाही, तर वर टेकडीच्या वाटेवर, आणि तोही रस्त्याच्या पलीकडून.

त्या रविवारी आम्ही तिघं मोटारसायकलवर वर गेलो होतो. माझा नवरा प्रासोजो पुढे, मी मागे, आणि आमच्या मधे कापडात गुंडाळलेली आमची अकरा महिन्यांची लेक गेंदिस. सूर्योदय बघायला आलेल्या परदेशी माणसांच्या गाड्या जिथे लागतात तिथे बटाट्याच्या तळणीच्या टपऱ्यांची रांग आहे. त्यातल्याच एका टपरीपुढे उपड्या खोक्यावर उभं राहून एक मुलगी ओरडत होती, "हॅलो मिस्टर! हॉट पोटॅटो! कम, सिट, नॉट स्पायसी!"

मी मान वळवून बघितलं, तर आठवी क मधली विगाती! तीच विगाती, जी गेले तीन महिने माझ्या इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसते.

पलीकडून एका उंच माणसाने काहीतरी विचारलं. विगातीने तिथूनच उत्तर दिलं, इंग्रजीतच. बटाटे आमच्याच शेतातले आहेत, हे बारके असतात ते जास्त गोड लागतात, दोन मिनिटं थांबा, तेल अजून तापलं नाही. वाक्यावाक्याला चूक होती, पण एकही वाक्य अडलं नाही. मग तिची नजर माझ्यावर पडली. खोक्यावरून उतरून, खांदे पाडून ती जवळ आली, वाकून माझा हात कपाळाला लावला, गेंदिससाठी कागदात थोडे बटाटे बांधून दिले आणि मागे सरकली. तोंडातून शब्द नाही.

"छान मुलगी आहे," प्रासोजो म्हणाला.

"बोलते रे ती!" मी म्हणाले.

"मग? बोलणारच की. मुकी आहे का?"

त्याला काय सांगणार! घाट उतरेपर्यंत माझ्या डोक्यात एकच भुंगा. जी मुलगी अनोळखी माणसाशी बोलते ती माझ्याशी का बोलत नाही?

बाळंतपणाची रजा संपवून मी परत आले तेव्हा मला आठवी क मिळाली. बत्तीस पोरं, धुक्यातून चालत येणारी, नखांत शेतातली माती. पोरं मला बू म्हणतात. आमच्याकडे आईलाही तेच आणि बाईंनाही तेच. मी फळ्यावर शिकवायचं, वळून विचारायचं, "समजलं?" की बत्तीस गळ्यांतून एका सुरात यायचं, "यस, बू!" पहिल्या आठवड्यात मी त्यावर खूश होते. मग एकेकाला उठवायला लागले आणि कळलं, की ते उत्तर नव्हतंच, ती रीत होती. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? एकेकट्याला विचारलं की मात्र पावसाळी दुपारसारखी शांतता.

आणि सगळ्यांत गप्प विगाती. तिच्या वहीत बघावं तर सगळं लिहिलेलं, नीटनेटकं. मी तिच्या बाकाशी जायची, वाकायची, हळू आवाजात म्हणायची, "बोल बाळा, चुकलं तरी चालेल." गेंदिस झाल्यापासून माझा आवाज आपोआपच हळू झाला आहे. पण विगाती हनुवटी छातीला टेकवून बसायची, आणि मी तिच्या केसांच्या भांगाकडे बघत उभी राहायची.

घरी सासूबाई गेंदिसला मांडीवर घेऊन भात भरवत असतात. मनाने वाईट नाहीत, पण जीभ नांगराच्या फाळासारखी. एकदा मी आठवी कचं रडगाणं गात होते, तर म्हणाल्या, "तिकडची पोरं बोलत नाहीत म्हणून तू झुरतेस. आणि इकडची बोलायला लागेल तेव्हा तू घरात नसशील. हिशेब तुझा तूच बघ, पोरी."

ते मला लागलं. लागलं, कारण त्यात खोट नव्हती.

त्या दिवशी धुतलेले कपडे वाळत घालताना मी प्रासोजोला सांगून टाकलं, "पुढच्या महिन्यात माझा खुला वर्ग आहे. त्यानंतरही आठवी क बोलली नाही, तर मी नोकरी सोडणार. जिथे आपला उपयोग नाही तिथे लेकीला सोडून कशाला जायचं?"

तो झबल्याला चिमटा लावत थांबला. "मी हो म्हणू की नको म्हणू?"

"काहीच म्हणू नकोस."

"मग मला सांगितलंस कशाला?"

"कोणाला तरी सांगितलं म्हणजे पाळावं लागतं, म्हणून."

खुला वर्ग म्हणजे काय, तर आमच्या तालुक्यातल्या नऊ शाळांचे इंग्रजीचे शिक्षक महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी एकत्र जमतात. ज्याची पाळी असेल त्याने आपला तास घ्यायचा, बाकीच्यांनी वर्गात कडेला बसून बघायचं, मग गोल बसून बोलायचं. नियम चांगले आहेत. शिक्षकाकडे नाही, मुलांकडे बघायचं. मुलांना मदत करायची नाही. जे दिसलं तेच सांगायचं.

नियमांच्या आत आमची एक रीतही आहे, जी सगळ्यांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही. तोच तास आठवडाभर आधी दोनदा घेऊन ठेवायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. म्हणजे पाहुण्यांना हातच हात दिसतात. मग पाहुणे "फार सुंदर, फार सुंदर" म्हणतात, कारण पुढच्या महिन्यात त्यांची पाळी असते. मीही दोन वर्षांपूर्वी असाच तास केला होता. इतकं कौतुक झालं, की मुलांना काय येतं ते मला त्यानंतर वर्षभर कळलं नाही.

या वेळी बैठकीत, मधे तेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, गरम भज्यांची थाळी असताना, मी म्हणाले, "मी तालीम घेणार नाहीये."

कोणाचं तरी भजं हातातच राहिलं.

बू मुर्तिनिंगसिह आमच्या अध्यक्ष आहेत. गोल चेहरा, मोठा आवाज, पर्समध्ये कायम लिमलेटच्या गोळ्या. त्या म्हणाल्या, "अगं पालुपी, न झाडलेल्या घरात कोणी पाहुणे बोलावतं का?"

"मला घर दाखवायचंच नाहीये, बू. केर कुठे साठलाय ते मला सापडत नाही. तुम्ही शोधून द्या."

"आणि पर्यवेक्षक साहेब आले तर?"

"त्यांना एक झाडू देऊ," कोणीतरी मागून म्हणालं आणि हशा पिकला. मला मात्र हसू आलं नाही. मी पुढे बोलले, "एक मुलगी आहे, विगाती. बाहेर बोलते, माझ्यापुढे नाही. मला कौतुक नको. का बोलत नाही, एवढंच बघून सांगा."

कोपऱ्यात पाक तुकिरान बसले होते; बाईंना बू, तसं सरांना पाक. साठीला टेकलेले, पुढच्या पावसाळ्याआधी निवृत्त होणारे. डाव्या कानाने ऐकू येत नाही. बैठकीत पाळी आली की इतकी वर्षं एकच वाक्य: "माझं सगळ्यांसारखंच, पुढचे बोला." ते आज आपण होऊन म्हणाले, "कुठे बसू?"

"खिडकीशी," मी म्हणाले. "तिच्या मागे, तिरपे."

खुल्या वर्गाच्या दिवशी मी मुलांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीला दोन चित्रं दिली, एकेकाला एक. रात्री जागून नाही, गेंदिसच्या दुपारच्या झोपेत काढलेली, तीन दुपारी लागल्या. दोन्ही चित्रांत स्वयंपाकघर, पण फरक करून ठेवलेले. एकात मांजर शेगडीवर बसलेलं, दुसऱ्यात पाटाखाली. एकात केळी तीन, दुसऱ्यात पाच. जोडीदाराला आपलं चित्र दाखवायचं नाही, इंग्रजीत विचारून विचारून फरक शोधायचे. विगातीच्या वाट्याला तेगार आला, ज्याचा हातखंडा म्हणजे कागदाचे बोळे.

नऊ जण भिंतीला लागून बसले. मी फळ्यापाशी उभी राहून "सुरू करा" म्हणाले. आधी नुसती कुजबुज, मग हळूहळू उकळायला लागलेल्या पाण्यासारखा आवाज. मी विगातीकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते!

मला राहवलं नाही. मी बाकांमधून तिच्याकडे गेले. वाकले. "हं, विगाती, काय म्हणालीस? मलाही सांग ना."

ओठ मिटले. तेगारला अचानक आपल्या पेन्सिलीत फार रस वाटू लागला. मी आणखी वाकले, बाकावर हात ठेवला. तिची मान आणखी खाली. मी परत फळ्यापाशी गेले, मन आवरलं, पुन्हा आले. पुन्हा तेच. असं चार वेळा. शेवटी सगळ्या वर्गाला विचारलं, "कोण सांगेल?" तर बत्तीस जोड्या डोळे बाकावर. मी हरून म्हणाले, "समजलं ना?"

"यस, बू!" एकही गळा कमी नाही.

तास संपला. चर्चेआधी मी दहा मिनिटं आजारी मुलांच्या खोलीत गेले, कडी लावून दूध काढायला. पंप घरघरत होता. भिंतीपलीकडे सगळे हसत-बोलत होते, खोक्यांतून खाऊ वाटला जात होता. बाटलीतलं दूध बघून मनात आलं, हे घेऊन सरळ घरीच जावं. कोणी काही म्हणणार नाही. म्हटलंच तर फार सुंदर म्हणतील.

आणि तसंच झालं. गोल बसल्यावर पहिल्या बाई म्हणाल्या, "चित्रं किती देखणी!" दुसरे म्हणाले, "बू पालुपींचा संयम घेण्यासारखा." बू मुर्तिनिंगसिह म्हणाल्या, "किती मायेनं जवळ जाते हो पोरांच्या! अगदी आईसारखी." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वहीत काहीच लिहीत नव्हते. पाण्याच्या ग्लासावरचं प्लास्टिकचं झाकण नखाने सोलत होते.

मग पाक तुकिरानांची पाळी आली. ते म्हणाले, "माझं..." आणि थांबले. सगळ्यांना पुढचं वाक्य पाठ होतं. पण त्यांनी खिशातून चौघडी कागद काढला.

"मला एका कानाने ऐकू येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून दुसरा कान त्या पोरीकडे करून बसलो. कोण काय शिकवतं ते काही ऐकलं नाही. माफ करा, बू पालुपी."

"नाही नाही, पाक, बोला."

"तुमच्या वर्गात फरश्या आहेत. त्या मोजल्या. उद्योग नव्हता दुसरा." कागदावर चौकटी आखलेल्या आणि त्यांत टिंबं. "तुम्ही फळ्यापाशी होतात तेव्हा तिच्यापासून नऊ फरश्या. तेव्हा ती मला ऐकू आली, छान ऐकू आली. तुम्ही निघालात. पाच फरश्यांवर आलात, नुसतं पुटपुटणं. तीन फरश्यांवर आलात की गप्प. परत गेलात, परत आवाज. चार वेळा गेलात, चारही वेळा असंच."

बू मुर्तिनिंगसिहांनी मान लांबवून त्या चौकटी बघितल्या.

"आणि पाठ," ते म्हणाले. "तिची पाठ बघत होतो मी. वळणाची मुलगी आहे हो. मोठं माणूस समोर उभं राहिलं, ती खाली झाली. तुम्ही वाकलात. आता मोठं माणूसच वाकल्यावर तिने काय करायचं? ती त्याच्याही खाली. तुम्ही आणखी वाकलात. आता बाकाखाली जाऊ दे की काय तिला?"

पहिली हसले ती मी. मग बू मुर्तिनिंगसिह अशा हसल्या की लिमलेटची गोळी घशात जायची. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कसलं होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आम्हीच पोरांना शिकवतो, आजोबांपुढून जाताना वाकून जा, मोठ्यांपुढे आवाज चढवू नको. आणि मग मायेने जवळ जाऊन म्हणतो, मोठ्याने बोल!

"पाक," मी विचारलं, "ती बोलत काय होती?"

त्यांनी कागद उलटा केला. "हे लिहून घेतलं. ती तेगारला सांगत होती, माझ्याकडे मांजर शेगडीवर आहे. म्हणजे शेगडी थंड आहे. पुढचं ऐकू आलं नाही. तुम्ही तीन फरश्यांवर आला होतात."

शेगडी थंड आहे! चित्र मी काढलं होतं. तीन दुपारी काढत होते. मांजर शेगडीवर बसलंय तर शेगडी थंड असणार, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आणि पुढे ती काय म्हणणार होती? माझ्याच पायांनी मी ते वाक्य तुडवलं होतं.

सगळे उठल्यावर पाक तुकिरान दाराशी रेंगाळले. "पुढच्या महिन्यात माझा वर्ग लावा म्हणतो."

"तुमचा? तुम्ही तर कधीच..."

"नाही केला. पोरं काय बोलतात ते मला अर्धं ऐकू येत नाही, हे सगळ्यांपुढे कशाला, म्हणून." ते चपलेत पाय सरकवत होते. "तीस वर्षं झाली. माझ्या डाव्या बाजूला बसणारी पोरं काय म्हणतात, ते जायच्या आधी कळलं तर बरं. तुम्ही त्या बाजूला बसाल?"

मी हो म्हणाले. मग आठवलं, की मी तर नोकरी सोडणार होते.

घरी जाऊन तोच प्रयोग गेंदिसवर केला. भिंतीला धरून उभी होती. मी मागे मागे सरकले, हात पसरले. तिने माझ्याकडे बघितलं, मटकन बसली आणि भोकाड पसरलं. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, लेकराला छळतेस?" मी तिला उचलून छातीशी धरलं. एकच औषध सगळ्यांना लागू पडत नाही, हेही त्याच आठवड्यात कळलं.

मंगळवारी आठवी क. बाहेर धुकं खिडकीला टेकलेलं. मी पुन्हा तीच चित्रं वाटली. पोरांनी एकमेकांकडे बघितलं, बूंना विसर पडला की काय? मी फळ्यापाशी उभी राहून विचारलं, "विगाती, तुझ्या चित्रात मांजर कुठे आहे?"

ती उभी राहिली. मान खाली. पुटपुटली. माझे पाय आपोआप उचलले गेले, आणि मी त्यांना अक्षरशः दटावलं. पुढे नाही, मागे. मी फळ्याला पाठ लावली. "ऐकू येत नाही!"

पुन्हा पुटपुट. मी दाराकडे सरकले. "नाही येत!"

पोरं हसायला लागली. मी दाराबाहेर गेले, ओसरी ओलांडून अंगणात, झेंडावंदनाच्या खांबापर्यंत. तिथून खिडकीत फक्त तिचा चेहरा दिसत होता. मी कानामागे हात धरला आणि टेकडीवरच्या त्या उंच माणसासारखी ओरडले, "हॅलो! तुमच्याकडे मांजर कुठे आहे?"

विगातीची मान वर आली. क्षणभर ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी कोण ते तिला नव्याने ठरवायचं होतं. मग तिचा तो रस्त्यापलीकडचा आवाज आला, अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असा.

"ऑन द स्टोव्ह!"

"शेगडीवर का?"

"बिकॉज कोल्ड!"

"थंड का?" हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं. गुरुवारपासून.

ती थांबली. शब्द शोधत होती, आणि मी दूर उभी राहून तिला शोधू देत होते. थंडीत हात आखडले होते. मुख्याध्यापकांच्या खोलीची खिडकी उघडली, कोणीतरी डोकावलं. मी हलले नाही.

मग तिने इंग्रजीत एकेक वाक्य फेकलं, बटाट्यासारखं गरम आणि वेडंवाकडं. आई कामाला गेली आहे. नंतर येईल. मांजराला माहीत आहे. मांजर वाट बघतंय, त्याला काही वाईट वाटत नाहीये.

मी खांबाला धरून उभी राहिले.

"नो!" तेगार बाकावरून उसळला. "बू, नो! गॅस फिनिश!"

"फिनिश नाही, सिलिंडर आहे बघ चित्रात!" कोणीतरी आमच्याच भाषेत ओरडलं, आणि लगेच दुसऱ्याने त्याला दटावलं, "इंग्लिश! इंग्लिश!" मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, की मांजर आजारी आहे. कोणी म्हणालं, ती शेगडी मोडलेली आहे. एकालाही मी उठवलं नव्हतं. सगळ्यांना त्या मांजराचं काय झालं ते कळायला हवं होतं, आणि मलाही. तास संपल्याची घंटा झाली तरी मी अंगणातच होते. वर्गात परत जायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी सासूबाईंनी भाताचा हात पुसत विचारलं, "मग? कधी देतेस राजीनामा?"

"पुढच्या महिन्यात नाही जमणार," मी गेंदिसला घेत म्हणाले. "पाक तुकिरानांच्या वर्गात डाव्या बाजूला बसायचंय."

"तिथे काय आहे?"

"माहीत नाही. तेच बघायचंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गेंदिसकडे. "हिच्या वेळेला घरी नसलीस तर मला म्हणू नकोस."

"नसले तर तुम्ही लिहून ठेवा," मी म्हणाले. "काय बोलली, कोणाशी, आणि कोण किती फरश्यांवर होतं ते."

"मी नाही असली थेरं करत," त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर कपाटावरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत त्यांच्या थरथरत्या अक्षरात एक ओळ होती: सकाळी दहा, कोंबडीला बघून, "बा."